संकोच आणि नम्रता

माउली, एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. घरात चौदा-पंधरा वर्षांचे लेकरू असते. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याची मान खाली जाते, शब्द ओठांतच राहतो. आपण कौतुकाने म्हणतो, "पोर फार नम्र आहे हो!" आपल्या संप्रदायात नम्रतेला मोठे मोल, म्हणून असे म्हणताना आपल्यालाही बरे वाटते. पण संकोच आणि नम्रता ही एकच का?

हा प्रश्न मला आमच्या गावच्या एका मुलामुळे पडला. वेंगुर्ल्याजवळचे आमचे गाव. हा मुलूख दशावताराचा. लेखी संहिता नसताना तिथल्या तिथे संवाद रचणारी माणसे इथली. अशा बोलक्या गावात हा मुलगा लहानपणी हरिपाठाला पुढे उभा राही. आवाज गोड. चौदाव्या वर्षी आवाज फुटला. एका संध्याकाळी वरच्या सुरात तो चिरकला आणि मंडळी हसली. हसणाऱ्यांत मीही होतो. दुसऱ्या दिवसापासून तो मागे खांबाआड उभा राहू लागला. हातात टाळ, पण ओठ मिटलेले. हळूहळू घरीदारी त्याचे बोलणेच तुटले.

श्रावणात सप्ताह बसला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, नाम थांबवायचे नाही. वाडीवार पहारे ठरलेले. एका मध्यरात्री माणूस कमी पडला. म्हाताऱ्या वीणेकरी बुवांनी या मुलाला हाक मारून वीणा त्याच्या गळ्यात घातली. तो पुटपुटला, "बुवांनू, माझो आवाज फुटलो आसा." बुवा म्हणाले, "फुटांदे रे! नामाक गळो लागणा नाय, तोंड लागता."

बाहेर पाऊस कोसळत होता. ऐकायला कोणी नव्हते, दोघे टाळकरी पेंगत होते. नाम थांबले तर सप्ताह मोडणार, म्हणून तो म्हणत राहिला. आवाज चिरकला, घसरला, तरी म्हणत राहिला. पहाटे काकड्याला माणसे जमली तेव्हाही त्याचे नाम चालूच होते. आपल्याकडे कोणी पाहत आहे, याची त्याला शुद्ध नव्हती.

त्या पहाटे मला उमगले ते सांगतो. संकोची माणूस वरून वाकलेला दिसतो, पण त्याच्या मनात सारखा 'मी' असतो. मी कसा दिसतो, माझे चुकेल का, मला हसतील का? गर्विष्ठालाही हाच 'मी' छळतो. एकाला तो फार मोठा वाटतो, दुसऱ्याला फार लहान. नम्र माणसाला त्याची आठवणच राहत नाही. मात्र हा दोष लेकराच्या माथी मारू नका. त्याच्यातला 'मी' बहुधा आपल्याच हसण्याने जागा झालेला असतो.

ज्ञानोबारायांकडे पाहा. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. शके ११९७ हे जन्मवर्ष धरले तर तेव्हा माउलींचे वय अवघे पंधरा. पहिल्याच अध्यायात ते श्रोत्यांना विनवतात की लेकराच्या बोबड्या बोलांचे मायबापांना कौतुकच असते. आपले लहानपण त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आणि तरीही सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. लहानपण मान्य करणे ही नम्रता. त्यासाठी मुके व्हावे लागत नाही.

आणि मुक्ताई? परंपरेप्रमाणे ज्ञानोबारायांहून चार वर्षांनी धाकटी. लोकांच्या दुरुत्तरांनी व्यथित होऊन माउलींनी ताटी लावून घेतली, तेव्हा दाराशी ती उभी राहिली. आत बसलेला तिचा थोरला भाऊ, ज्ञानियांचा राजा. 'मी एवढीशी, यांना काय सांगू?' असा विचार ती करत बसली असती, तर ताटी तशीच राहिली असती. तिचे लक्ष स्वतःच्या धाकटेपणाकडे नव्हते. आतल्या दुःखाकडे होते, आणि त्या दुःखामुळे जग ज्याला मुकणार होते त्याच्याकडे होते. म्हणून तिला शब्द सापडले.

आमच्या मुलाची गोष्ट अजून संपली नाही. पुढच्या वर्षी सप्ताहाआधी बैठक भरली. पहारे वाटताना मध्यरात्रीचे पहारे नेहमीप्रमाणे एकाच वाडीच्या नावे लिहिले गेले. ती वाडी मोलमजुरी करणाऱ्यांची, सकाळी उठून कामावर जाणाऱ्यांची. इतक्यात मागून आवाज आला, "मध्यानरातचो पहारो दरवर्सा त्याच वाडीक कित्याक?"

एक वडीलधारे म्हणाले, "तुका काय कळता? गप रव." मुलाचे हात थरथरत होते, ते मी पाहिले. पण तो खाली बसला नाही. म्हणाला, "मी उभो रवलंय थय. झोपेन कसा होता ता माका ठावक आसा. पाळी फिरवा."

कित्येक वर्षे ती यादी माझ्याही डोळ्यांखालून जात होती. अन्याय मला दिसत होता. मी बोललो नाही, आणि त्या गप्प राहण्याला मनातल्या मनात नम्रता म्हणत आलो. खरे तर मला कोणाचा वाईटपणा नको होता. त्या वर्षी यादी बदलली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र चिठ्ठ्या टाकून पहारे वाटले, आणि मध्यरात्रीचा पहारा आमच्या वाडीला आला. मी उभा राहिलो. झोपेने कसे होते, ते मलाही कळले.

माउली, वारीत आपण लहानथोर सगळ्यांना याच नावाने हाक मारतो, एकमेकांच्या पाया पडतो. मग घरातले लेकरू काही सांगू लागले की "तुला काय कळते" कसे म्हणतो? जे लेकरू गप्प आहे त्याला लोकांपुढे ढकलून "बोल, बोल" म्हणू नका. त्याच्यावाचून अडेल असे एखादे काम त्याच्या हाती द्या. त्याचा शब्द चिरकला तर हसू नका. आणि एके दिवशी तो आपल्याच विरुद्ध बोलला, तर रागावण्याआधी क्षणभर थांबा. धाकट्या बहिणीचे ऐकून ज्ञानोबारायांनीही ताटी उघडली होती.

रामकृष्णहरि.