खोटं कोणी बोललं नाही

जावा या संगणकभाषेतले प्रोग्रॅम ज्या आभासी यंत्रावर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर चालतात, त्याचं नाव हॉटस्पॉट. हे यंत्र सुरू करताना त्याला शेकडो पर्याय देता येतात. त्यांतला एक पर्याय म्हणजे कंपाइलथ्रेशोल्ड. त्याबद्दलच्या अधिकृत माहितीचा आशय वर्षानुवर्षं असा होता: प्रोग्रॅमचा एखादा तुकडा इतक्या वेळा वापरला गेला की यंत्र त्याचं भाषांतर करून ठेवतं, सर्व्हरवर हा आकडा १०,००० आहे, तो तुम्हाला बदलता येतो. हे लिहिलं गेलं तेव्हा खरं होतं. मार्च २०१४मध्ये जावाची आठवी आवृत्ती आली आणि त्या आवृत्तीवर काम करणाऱ्या बहुतेकांसाठी ते खरं राहिलं नाही. लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, वाचणाऱ्याचा समज बरोबर होता, मग खोटं आलं कुठून? आणि ते दुरुस्त करणं ही नेमकी कोणाची जबाबदारी?

या प्रश्नाला मी नैतिक प्रश्न म्हणतो आहे. तो नुसता तांत्रिक का नाही, हे सांगण्यासाठी आधी ते भाषांतर म्हणजे काय, हे सांगायला हवं.

रायपुरात दुभाष्याचं उदाहरण सहज सुचतं. इथल्या मराठी माणसाचं घर मराठी, बाजार छत्तीसगढी आणि कचेरी हिंदी असते. समजा, एक दुभाषी समोरच्याचं बोलणं वाक्यागणिक ऐकून सांगतो आहे. एकच भाषण त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येऊ लागलं तर तो मनाशी मोजतो, आणि एका मर्यादेनंतर बसून त्या भाषणाचं नीट भाषांतर कागदावर उतरवून ठेवतो. पुढच्या वेळी फक्त वाचून दाखवायचं. पहिल्या दिवशीच सगळ्याची भाषांतरं का करत नाही? कारण बहुतेक भाषणं एकदाच होतात आणि त्यांवरची मेहनत फुकट जाते. शिवाय बऱ्याचदा ऐकल्यावरच कळतं की वक्ता कुठे घोळ घालतो आणि कुठे सरळ जातो. हॉटस्पॉट हेच करतं. ऐन वेळी भाषांतर करणाऱ्या त्याच्या या भागाला जस्ट-इन-टाइम कंपाइलर म्हणतात आणि कंपाइलथ्रेशोल्ड म्हणजे त्या दुभाष्याच्या मनातला आकडा.

आठव्या आवृत्तीपासून व्यवस्था बदलली. आता एकाऐवजी दोन भाषांतरकार मुळातच कामाला लावलेले असतात. पहिला चटपटीत: साधारण २०० वेळा ऐकलं की कच्चं भाषांतर करून देतो. दुसरा सावकाश आणि काटेकोर: तेच बोलणं सुमारे ५,००० वेळा आलं की तो पहिल्याचा कागद बाजूला ठेवून आपला पक्का कागद देतो. या व्यवस्थेला टियर्ड कंपाइलेशन म्हणतात. ती चालू असताना जुना १०,०००चा आकडा कोणी विचारात घेत नाही.

आठव्या आवृत्तीच्या माहितीपानावर हे लिहिलेलं नव्हतं असं नाही. कंपाइलथ्रेशोल्डच्या नोंदीत होतं की टियर्ड व्यवस्था चालू असेल तर हा पर्याय दुर्लक्षिला जातो. ती व्यवस्था मुळातच चालू असते, हे त्याच लांबलचक पानावर दुसऱ्या नोंदीत होतं. आणि एक्सकॉम्प नावाच्या तिसऱ्या नोंदीत, काहीच बदललं नसल्यासारखं, हा आकडा कंपाइलथ्रेशोल्डने बदलता येतो असं होतं. ही तिसरी नोंद क्लायंट यंत्राचा आकडा १,००० सांगत होती, तर पहिली १,५००. गंमत अशी की दोन्ही आकड्यांना आधार आहे: हॉटस्पॉटच्या मूळ संहितेत सन कंपनीच्या स्पार्क प्रोसेसरसाठी १,००० होते आणि इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरसाठी १,५००. दोन्ही विधानं आपापल्या घरी खरी. घराचा पत्ता मात्र एकाही नोंदीत नव्हता.

गेली काही वर्षं आमच्या गटासाठी अशा पर्यायांची एक पुस्तिका सांभाळण्याचं काम माझ्याकडे आहे. मूळ माहिती पडताळायची आणि जिथे यंत्र वेगळं वागतं तिथे नोंद दुरुस्त करायची. या कामातून मला वाटू लागलं की डॉक्युमेंटेशनमधलं असत्य बहुतेक वेळा असत्य म्हणून जन्माला येत नाही. ते खऱ्या वाक्याचा काळ किंवा ठिकाण गळून पडल्यामुळे तयार होतं. ‘सातव्या आवृत्तीपर्यंत’ हे शब्द गळले, ‘स्पार्कवर’ हा शब्द गळला, उरलेलं वाक्य सार्वकालिक असल्याच्या थाटात उभं राहिलं.

खोटं बोलण्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ विचार झाला आहे, पण तो बहुतेक बोलणाऱ्याच्या हेतूभोवती फिरतो. इथे हेतू शोधून उपयोग नाही. त्याहून उपयोगी मला न्यायदर्शनातली आप्ताची कल्पना वाटते. शब्द हे ज्ञानाचं साधन केव्हा ठरतं? तो आप्ताचा असेल तेव्हा. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन आप्ताच्या दोन गोष्टी सांगतो: त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखंच लागू आहे. म्हणजे अधिकार पदाचा किंवा कुळाचा नाही. पाहण्याचा आणि सांगण्याचा आहे.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये आप्ताचे हे दोन अर्धे दोन माणसांत वाटले गेले आहेत. यंत्राचं अंतरंग ज्याने बदललं त्या अभियंत्याने वस्तू जाणली आहे, पण सांगणं हे त्याचं काम मानलं जात नाही. जो सांगतो त्याला सांगण्याची इच्छा आहे, पण त्याने वस्तू पाहिलेली असेलच असं नाही. त्याने मागच्या वर्षीचं पान पाहिलेलं असतं. दोघेही प्रामाणिक, तरी दोघांच्या मध्ये आप्त हरवलेला. दुरुस्ती करणं म्हणजे हे दोन अर्धे पुन्हा एका माणसात आणणं: स्वतः बघणं आणि बघितलं तसं लिहिणं.

बघणंही सरळ नसतं. हॉटस्पॉटला प्रिंटफ्लॅग्जफायनल असं सांगितलं की सगळ्या पर्यायांची अखेरची यादी ते छापून देतं. कंपाइलथ्रेशोल्ड ५०० करून ही यादी मागा. यादीत ५०० दिसतं! माणूस निश्चिंत होतो. पण ही यादी म्हणजे सरकारी कचेरीतला आवकचा शिक्का आहे. अर्ज पोचला, एवढंच तो सांगतो. अर्जाचा विचार झाला असं सांगत नाही. खरं पाहायचं तर प्रिंटकंपाइलेशन चालू करून, कोणत्या तुकड्याचं भाषांतर प्रत्यक्षात केव्हा झालं, हे ओळीओळीने वाचावं लागतं.

यंत्राचं हे मौन मला सगळ्यात अस्वस्थ करतं. त्याच आठव्या आवृत्तीत मॅक्सपर्मसाइझ हा जुना पर्याय निकालात निघाला. तो आजही कोणी दिला तर आठवी आवृत्ती एक इशारा छापते: हा पर्याय मी दुर्लक्षित आहे, त्याचा आधार काढला आहे. कंपाइलथ्रेशोल्डला तेवढंही उत्तर नाही. यंत्र आकडा घेतं, यादीत लिहितं आणि गप्प राहतं. कशालाही न जोडलेली कळ माणूस फिरवत राहतो. अशा ठिकाणी खरं बोलण्याची जबाबदारी सगळी कागदावर येऊन पडते, कारण बोलणारं दुसरं कोणी उरलेलं नसतं.

याची किंमत कोण मोजतं? आमच्याकडे धमतरीहून आलेला एक तरुण सहकारी एका मंद सेवेवर दोन दिवस हा आकडा कमीजास्त करत होता. फरक पडेना. शेवटी तो मला म्हणाला, ‘‘सर, माझंच काहीतरी समजायचं राहिलंय बहुतेक.’’ दोन दिवस गेले याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते त्याच्या वाक्याचं. पान आणि यंत्र यांचं पटत नव्हतं आणि त्याने दोष स्वतःकडे घेतला. छापील इंग्रजी पान चुकीचं असू शकतं ही शक्यता त्याच्या यादीत शेवटची होती.

मोठ्या कंपनीच्या मोठ्या आवारात चुकीचं पान फारसं नडत नाही. तिथे शेजारच्या टेबलावर कोणीतरी असतं आणि ते म्हणतं, ‘‘ते सोड, तो पर्याय आता चालत नाही.’’ तिथलं ज्ञान बोलण्यातून फिरतं. रायपूर, जगदलपूर किंवा गडचिरोलीत बसून, तिसऱ्या-चौथ्या भाषेत ते पान वाचणाऱ्याला पानाखेरीज गुरू नाही. म्हणून लिखाणातली चूक सगळ्यांवर सारखी वाटली जात नाही. जो जितका दूर, तितका तिचा भार त्याच्यावर जास्त.

या गावाला दूरच्या वाचकाची ही गोष्ट नवी नाही. माधवराव सप्रे मराठी घरातले. १९००च्या जानेवारीत त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं आणि ते तीन वर्षं चालवलं. पुढे त्यांनी दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. १९२६मध्ये ते रायपुरातच वारले. गीतारहस्याचा हिंदी वाचक मराठी मूळ उघडून ताडून बघणार नव्हता. सप्रे जे लिहितील तेच त्याच्यासाठी टिळक. भाषांतरकारावरचं हे ओझं मूळ लेखकाच्या ओझ्याहून वेगळं आहे, आणि डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यावर तेच असतं: वाचकाने विश्वास टाकायचं ठरवलेलं नसतं, त्याच्यापुढे दुसरा मार्गच नसतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की हे सगळे पर्याय प्रमाणबाह्य आहेत, ते सूचना न देता बदलू शकतात, असं त्याच माहितीत स्पष्ट लिहिलेलं असतं. मग तक्रार कसली? पण ‘उद्या बदलू शकेल’ ही उद्याबद्दलची सूचना आहे. आज जे चुकीचं आहे ते चुकीचं ठेवण्याचा तो परवाना नव्हे. पुलाच्या तोंडाशी ‘पूल दुरुस्तीसाठी बंद होऊ शकतो’ अशी पाटी असली, म्हणून पूल पडल्यावरही तीच पाटी ठेवून चालत नाही.

दुसरा आक्षेप प्रोग्रॅमर मंडळींचा आवडता: खरं डॉक्युमेंटेशन म्हणजे मूळ संहिताच, ती वाचा. हे रुग्णाला शरीरशास्त्र वाचायला सांगण्यासारखं आहे. शिवाय ते अर्धंच खरं आहे. संहिता काय घडतं ते सांगते, काय घडायला हवं ते सांगत नाही. जावाच्या प्रमाणग्रंथात ‘इंट’ हा प्रकार ३२ बिटांचा ठरवला आहे. एखाद्या यंत्राने तो ६४ बिटांचा धरला तर चूक यंत्राची. तिथे ग्रंथ बदलायचा नसतो. मीमांसकांनी आज्ञा करणारं वाक्य आणि असलेलं सांगणारं वाक्य वेगळं केलं, तोच भेद इथे लागतो. प्रमाणग्रंथ विधी आहे. पर्यायांचं पान वर्णन आहे. विधी आणि यंत्र यांच्यात तंटा झाला तर यंत्र सुधारायचं; वर्णन आणि यंत्र यांच्यात झाला तर वर्णन. दुरुस्ती करणाऱ्याने हात घालण्यापूर्वी आपल्यासमोर यांतलं काय आहे ते ओळखलं पाहिजे, नाहीतर तो कोणाचं तरी वचन मोडून त्याला दुरुस्ती म्हणेल.

मराठीत ग्रंथशुद्धीचं सर्वांत मोठं उदाहरण एकनाथांचं. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून प्रत शुद्ध केली, आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. त्या शुद्धीचं माप मागे होतं: ज्ञानदेवांनी म्हटलं ते. आमच्या दुरुस्तीचं माप मागे नाही. यंत्र दर सहा महिन्यांनी नव्या आवृत्तीत पुढे सरकतं आणि शुद्ध प्रत पुन्हा तपासावी लागते. पण एकनाथांचा संयम इथेही हवा. दुरुस्त करताना आपली हुशारी, आपला सल्ला, आपलं मत नोंदीत मिसळायचा मोह फार होतो. तो आवरावा लागतो.

एक गोष्ट मात्र मी जुन्या छापील पुस्तकांकडून घेतली आहे: शुद्धिपत्र. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध अशा चार रकान्यांचा तो कागद चूक लपवत नाही. चूक आणि दुरुस्ती शेजारी शेजारी ठेवतो. पडद्यावरचं पान सहज पुसून नवं लिहिता येतं, आणि हीच त्याची वाईट सवय आहे. ज्याच्या सर्व्हरच्या सुरुवातीच्या आज्ञेत तो आकडा २०११पासून बसला आहे, त्याला नुसतं नवं वाक्य दाखवलं तर तो पुन्हा स्वतःवरच शंका घेईल. त्याला हे कळायला हवं की तेव्हा तो बरोबर होता आणि मधे जग बदललं.

म्हणून आमच्या पुस्तिकेत जुनं वाक्य मी खोडत नाही, त्याला त्याचा काळ परत देतो. कंपाइलथ्रेशोल्डच्या नोंदीत आता लिहिलं आहे: सर्व्हरवर सातव्या आवृत्तीपर्यंत मुळातच लागू, आठव्यापासून फक्त टियर्ड व्यवस्था बंद केली तरच लागू, यंत्र याबद्दल इशारा देत नाही, यादीत दिसणारा आकडा वापरला जातोच असं नाही. खाली कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या प्रोसेसरवर आणि कोणत्या तारखेला पाहिलं ते आहे. शेवटच्या ओळीत पडताळणीची पूर्ण आज्ञा दिली आहे, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्यावरही विश्वास ठेवायची गरज नाही.