मुदतवाढ कशासाठी?

शास्त्रपाठ : लूक १३:६-९, २ राजे २०:१-१९



बडोद्याच्या आमच्या मंडळीतील एक वडील गृहस्थ सपत्नीक लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस गेले होते. पासपोर्टात दहा वर्षांचा व्हिसा होता, म्हणून आजोबा अगदी निर्धास्त. चौथा महिना सरत आला तेव्हा जावयाने विचारले, "पप्पा, तुमची तारीख पाहिली का?" आजोबा म्हणाले, "अजून नऊ वर्षे आहेत की!"

जावयाने समजावून सांगितले. व्हिसा ही दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहावयाचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवितो, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पाहुण्यांना बहुधा सहा महिने मिळतात. मुदतवाढ न मागता ती तारीख उलटून जो राहतो, त्याचा दहा वर्षांचा व्हिसाही रद्द होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून अधिक झाला तर परत गेल्यावर तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा अधिक झाला तर दहा वर्षे त्या देशाचे दार बंद.

बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले होते. अजून इस्पितळातच होते. आजीचा पाय तेथून निघेना. मग मुदतवाढीचा अर्ज करावयाचे ठरले. आय-५३९ हा तो अर्ज. तारीख संपण्याच्या आत, शक्यतो ४५ दिवस आधी करावा असे तेथील सरकारच सांगते. लेकीने तो भरला, पण सही ज्याची त्यालाच करावी लागली. त्यात सांगावयाचे होते : आणखी का राहावयाचे? किती दिवस? खर्च कोण करणार? परत जाणार याला पुरावा काय?

परत आल्यावर आजोबांनी प्रार्थनासभेत जी साक्ष दिली ती आम्ही विसरू शकत नाही. ते म्हणाले, "आजीचे कारण खरे होते. ती रोज इस्पितळात जाऊन बसत होती. माझे कारण काय लिहावे ते मला सुचेना. चार महिने मी टीव्हीपुढे काढले होते. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी बाटल्या धुऊ लागलो, जावयाबरोबर प्रार्थनेस बसू लागलो. अर्जात लिहिलेले कारण मला खरे करावयाचे होते."

प्रियांनो, प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात अंजिराच्या झाडाचेही असेच झाले. तीन वर्षे मालक फळ पाहावयास येतो आणि रिकाम्या हाताने जातो. तो झाड तोडावयास सांगतो, पण माळी मध्ये पडतो. तो झाडासाठी एका वर्षाची मुदत मागतो, आणि सबब नुसती सांगत नाही. आपण भोवती खणू, खत घालू, असे स्वतःचे श्रमही पुढे करतो. आम्हांसाठी मध्यस्थी करणारा आमचा प्रभू असाच आहे. तथापि खणणे माळ्याचे असले तरी फळ झाडानेच द्यावयाचे असते. त्या झाडाला पुढे फळ आले की नाही हे येशूने सांगितले नाही. ते उत्तर त्याने ऐकणाऱ्यांवर सोडले.

मुदत वाढली म्हणजे सर्व साधले असेही नाही. हिज्कीया राजा मरणाच्या दारी होता. तो भिंतीकडे तोंड करून रडला, आणि देवाने त्याच्या आयुष्याची पंधरा वर्षे वाढविली. पुढे बाबेलचे वकील आले तेव्हा त्याने आपले सारे भांडार त्यांना उघडून दाखविले. हे सर्व एके दिवशी बाबेलास जाईल, असे यशयाने त्याला सांगितले. तेव्हा आपल्या हयातीत शांतता राहील एवढ्यावरच तो समाधान मानून राहिला. पंधरा वर्षे मागताना अश्रू आले होते; आपल्यामागून येणाऱ्यांसाठी मात्र एकही आला नाही.

आमच्यापैकी किती जण शस्त्रक्रियेच्या टेबलावरून, तापातून, अपघातातून परत आले आहेत! त्या वेळी प्रत्येकाने देवाजवळ काही दिवस मागितले होते. ते मिळाले. आता त्यांचे काय चालले आहे? जे भांडण मिटवावयाचे होते ते मिटले काय? ज्या भावाचे घर टाळत होतो तेथे गेलो काय? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या वर्गात बसणारे मूल हेच कदाचित तुमच्या वाढलेल्या मुदतीचे कारण असेल.

आम्ही येथे परदेशी व प्रवासी आहोत असे पेत्र आपल्या पहिल्या पत्रात लिहितो. आमच्या नोंदीतील तारीख आम्हांस दिसत नाही. म्हणून आम्हांला नऊ वर्षे मोजता येत नाहीत; आजचा दिवस मात्र मिळाला आहे.

हे प्रभो, तू वाढवून दिलेल्या दिवसांबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. ते कशासाठी मागितले होते याची आम्हांस आठवण दे, आणि ते कारण आमच्या हातून खरे करून घे. आमेन.