मृगयेतील अनाहूत : एकाग्रता आणि अवधान

शिकारीला निघालेल्या मनुष्यासमोर हवा तो प्राणी न येता भलताच जीव येऊन उभा राहिला, तर त्या क्षणी त्याच्यावर कोणते उत्तरदायित्व येते, हा प्रश्न वरवर पाहता शिकारकौशल्याचा वाटतो. परंतु भारतीय धर्मविचाराने तो फार पूर्वीपासून आपला मानला आहे, आणि पाप हेतूने घडते, कृतीने घडते की दुर्लक्षाने, या मूळ वादाशी त्याचा थेट संबंध पोहोचतो. मृगयेत वधाचा क्षण अल्प आणि प्रतीक्षेचा काळ दीर्घ असतो, व त्या प्रतीक्षेत कोण समोर येईल हे प्रतीक्षा करणाऱ्याच्या हाती नसते.

उत्तर अमेरिकेतील रानटर्कीच्या शिकारीत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. टर्की हा मोर, तितर आणि रानकोंबडा यांच्याच कुळातील पक्षी असून वसंतात त्याचा नर मादीच्या शोधात हिंडतो. म्हणून शिकारी झाडोऱ्याच्या रंगाचे कपडे घालून, बुंध्याला पाठ टेकून पहाटेपासून निश्चल बसतो आणि तोंडाने किंवा लहानशा लाकडी पेटीने मादीच्या आवाजाची नक्कल करतो. हा आवाज नर टर्कीला ऐकू जातो तसाच तो कोयोट नावाच्या लांडग्याच्या जातकुळीतील श्वापदाला आणि बॉबकॅट या रानमांजरालाही ऐकू जातो, व ती भक्ष्याच्या आशेने दबकत दबकत थेट शिकाऱ्यापर्यंत येतात. ज्याने पक्ष्याचे सोंग घेतले त्याच्याकडे पक्षी म्हणूनच पाहिले जाते. याहून गंभीर शक्यता अशी की, त्या आवाजामागे दुसरा मनुष्य असू शकतो. म्हणूनच तेथील शिकाऱ्यांना आवाजाच्या रोखाने सरकत जाऊ नये असे बजावले जाते, आणि लाल, पांढरा व निळा हे रंग नराच्या डोक्याचे असल्यामुळे ते अंगावर घालू नयेत असे शिकवले जाते.

महाराष्ट्रात याला सर्वांत जवळचे उदाहरण फासेपारधी समाजाच्या परंपरागत विद्येचे आहे. या समाजाला वसाहतकाळी कायद्याने गुन्हेगार ठरवले गेले आणि तो कलंक त्याला आजही छळतो, ही अन्यायाची गोष्ट आहे. कारण माळरानाचे इतके सूक्ष्म ज्ञान फार थोड्या समाजांजवळ होते. फासा हे साधन आंधळे असते: त्यात नर अडकेल की गाभण हरणी, प्रौढ प्राणी की पाडस, हे लावणाऱ्याला आधी ठरवता येत नाही. पुण्यात जन्मलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाचा अभ्यास करताना नोंदवले की, फाशात सापडलेले पाडस किंवा गाभण मादी सोडून देण्याचा रिवाज फासेपारध्यांत होता. अनाहूत जीव हाती लागल्यानंतरही निवड शिल्लक राहते आणि ती निवड हाच धर्माचा प्रांत आहे, हे ग्रंथाचा आधार न घेता ओळखणारी ही आचारपरंपरा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीवर बंदी आणली, ती आवश्यकच होती. परंतु त्या बंदीबरोबर शिकाऱ्याजवळचे हे विवेकाचे ज्ञानही दृष्टीआड झाले.

ग्रंथपरंपरेत या प्रश्नाची गुंतागुंत अधिक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखितांची तुलना करून सिद्ध केलेल्या पाठात, आदिपर्वातील द्रोणाचार्यांच्या परीक्षेचा प्रसंग आहे. इतरांना झाड, आचार्य आणि भाऊ दिसतात, अर्जुनाला मात्र केवळ पक्ष्याचे डोके दिसते, आणि तोच श्रेष्ठ ठरतो. एकाग्रतेचा, म्हणजे चित्त एकाच लक्ष्यावर स्थिर करण्याचा, हा आदर्श मराठी घराघरांत मुलांना सांगितला जातो. तो सांगताना एक तपशील सहसा गळतो: द्रोणांनी झाडावर ठेवलेला पक्षी कृत्रिम होता. ज्या परीक्षेत लक्ष्य निर्जीव आहे आणि आसपास दुसरे काही अचानक प्रकट होणार नाही याची हमी आहे, तेथेच दृष्टी इतकी आखडून घेणे निर्दोष असते.

जिवंत अरण्यात तीच एकाग्रता काय करते, हे रामायणातील अयोध्याकांडात दिसते. तरुण दशरथ पावसाळ्यातील रात्री शरयूच्या काठी बसतो, पाण्याचा आवाज ऐकतो, हत्ती पाणी पीत आहे असे समजतो आणि शब्दवेधाने, म्हणजे लक्ष्य न पाहता केवळ आवाजावरून, बाण सोडतो. बाण लागतो तो आंधळ्या आईवडिलांसाठी घडा भरणाऱ्या तापसकुमाराला, ज्याला लोकपरंपरा श्रावण म्हणून ओळखते. दशरथाचा हेतू मनुष्यवधाचा नव्हता, त्याचे कौशल्य निर्दोष होते आणि त्याचे चित्त पूर्ण एकाग्र होते. तरीही त्याला शाप मिळतो व तो फळतो. रामायणकाराने त्याच्या अज्ञानाला निर्दोषत्व मानलेले नाही, आणि हा निर्णय कठोर असला तरी योग्य आहे, कारण ते अज्ञान टाळता येण्याजोगे होते. त्याला थांबता आले असते.

भागवताच्या ज्या अकराव्या स्कंधावर संत एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत आपली टीका पूर्ण केली, त्यात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा येते, आणि हा प्रश्न तेथे दोन्ही बाजूंनी मांडलेला सापडतो. बाण घडवण्यात गढून गेल्यामुळे शेजारून गेलेली राजाची स्वारीही न कळलेला कारागीर तेथे एकाग्रतेचा गुरू आहे. त्याच मालिकेत गाण्याला भुलून पकडले जाणारे हरीण आणि हत्तिणीच्या ओढीने सापळ्यात अडकणारा हत्ती हेही गुरू आहेत, ते मात्र एकाच विषयात चित्त गुंतल्यामुळे नाश कसा ओढवतो हे शिकवणारे. गढून जाणे साधकाला तारते आणि भुललेल्या प्राण्याला मारते. शिकारी यांपैकी कोणाच्या बाजूला पडतो, हे तो दुसऱ्याला भुलवत असताना स्वतः किती भुललेला आहे यावर ठरते.

म्हणून एकाग्रतेपासून अवधान वेगळे मानणे भाग आहे. येथे अवधान या संज्ञेने चित्ताची अशी जागृती अभिप्रेत आहे की, जी लक्ष्य धरून असतानाही अपेक्षेबाहेरच्या गोष्टीला दार बंद करत नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात पारधी ज्याचा पाठलाग करत आहेत असा ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आसऱ्याला येतो. पारधी तो मागतात, तो पैजेचा ससा असल्याचे सांगतात. स्वामी शरण आलेल्याला मरण नसते अशी भूमिका घेतात आणि ससा वाचतो. या लीळेत अनाहूत भेट पारध्यांना घडते: ते सशाच्या मागे आले आणि त्यांना एक महात्मा भेटला. त्यांचे थोरपण असे की, हाती शस्त्र आणि मनात पैज असताना ते थांबले व त्यांनी ऐकले.

हेतूला निर्णायक मानणारी परंपरा बौद्धांची आहे. चेतना, म्हणजे संकल्प, हेच कर्म असे ती मानते, आणि धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ पासून काही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवून हा विचार मराठी अभ्यासकांच्या जवळ आणला. धर्मशास्त्र जाणून केलेल्या आणि नकळत घडलेल्या पापांत भेद करते, परंतु नकळत घडलेल्यालाही प्रायश्चित्त सांगते. दशरथाच्या प्रसंगाला सर्वांत जवळची संज्ञा मात्र जैन विचारात मिळते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, जोडलेली आहे. त्यामुळे हेतू नव्हता एवढे म्हणून सुटका होत नाही. जैन साधूंना ईर्यासमिती पाळावी लागते, म्हणजे पुढची सुमारे चार हात जमीन पाहत चालावे लागते. न दिसलेला जीव पायाखाली येऊ शकतो हे गृहीत धरूनच हा नियम बांधलेला आहे.

हे सर्व विवेचन ग्रंथांपुरते राहिले असते, तर त्याची निकड भासली नसती. ९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी पुण्याच्या कोथरूड भागातील महात्मा सोसायटीच्या परिसरात एक रानगवा आला. त्याला पाहायला आणि मोबाइलवर टिपायला गर्दी जमली, तो भेदरून काही तास वस्तीत धावत राहिला, त्याला भुलीचे इंजेक्शन देऊन पकडण्यात आले आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्या गर्दीत शिकारी कोणीही नव्हता. उलट अनेकांच्या मनात कुतूहल आणि कळवळा होता. तरीही त्या जनावराच्या वाट्याला जे आले ते हाकाऱ्यांनी रान उठवून केलेल्या शिकारीहून फारसे वेगळे नव्हते. बौद्धांच्या निकषावर येथे कर्म शोधणे अवघड जाईल, प्रमादाच्या निकषावर ते प्रत्येकाच्या वाट्याला थोडेथोडे येते. आणि प्रायश्चित्ताचा विचार व्यक्तीला उद्देशून केलेला असल्यामुळे जमावाने ते कसे घ्यावे, याला शास्त्रात सरळ उत्तर सापडत नाही. हे उत्तर आता शहरांनाच घडवावे लागणार आहे, कारण टेकड्यांच्या कडेने वाढणाऱ्या पुण्यात अशा भेटी थांबणार नाहीत.

त्याच महिन्यात बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला, तेव्हा लोकांना दूर ठेवण्यात आले, त्याच्या परतीची वाट मोकळी राखण्यात आली आणि तो जंगलाकडे निघून गेला. दोन्ही वेळच्या माणसांच्या हेतूंत फरक नव्हता. दुसऱ्या वेळी गर्दीने किती अंतरावर थांबायचे, एवढे मात्र आधी ठरलेले होते.