वैद्यकीय शिक्षणात गावाचे स्थान

ग्रामीण भागात डॉक्टर का टिकत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बहुधा वेतन, निवासस्थाने, औषधांचा तुटवडा आणि मुलांच्या शाळा यांत शोधले जाते. ही कारणे खरी असली तरी त्यांच्याआधीचे एक कारण वैद्यकीय शिक्षणाच्या घडणीतच आहे. आजार म्हणजे काय, याविषयीची विद्यार्थ्याची समजूत मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डांत पक्की होते. परंतु तेथे येणारा रुग्ण समाजातील आजारांचा प्रतिनिधी नसतो. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अमेरिका व ब्रिटनमधील माहितीच्या आधारे दाखवले, की एक हजार प्रौढांपैकी महिनाभरात सुमारे ७५० जणांना काही ना काही त्रास होतो, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या अध्यापन रुग्णालयापर्यंत केवळ एकजण पोहोचतो. त्या एकावर शिकून तयार झालेल्या डॉक्टरवर पुढे उरलेल्यांची जबाबदारी येते, तेव्हा त्याला वाटणारे परकेपण हा स्वभावदोष नसून शिक्षणाचा परिणाम असतो.

हे भान भारतात नवे नाही. १९४६ च्या भोर समितीने भावी डॉक्टर हा ‘सामाजिक वैद्य’ असावा, म्हणजे रोगाबरोबरच रोग उत्पन्न करणाऱ्या परिस्थितीचाही विचार करणारा असावा, असे सांगून त्यासाठी तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली होती. १९७५ च्या श्रीवास्तव समितीनंतर वैद्यकीय शिक्षणाला ग्रामाभिमुख वळण देण्याची योजना आली आणि प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी असे ठरले. या प्रयत्नांना मर्यादित यश मिळाले, कारण गाव हा संपूर्ण महाविद्यालयाचा विषय न होता जनवैद्यकशास्त्र या एका विभागाचा विषय राहिला. औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग यांचे अध्यापक रुग्णालयातच राहिले, आणि अंतर्वासितेतील, म्हणजे पदवीपूर्व शेवटच्या प्रशिक्षणवर्षातील, प्राथमिक आरोग्य केंद्राचे महिने पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासाठी मिळालेली सवड मानले जाऊ लागले.

या पार्श्वभूमीवर सेवाग्रामचा प्रयोग विचारात घेण्याजोगा आहे. गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ या वर्षी डॉ. सुशीला नय्यर यांनी स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नवा विद्यार्थी आरंभी आश्रमातील शिबिरात राहतो; पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे मुक्काम करते, आणि प्रत्येक विद्यार्थी त्याच्याकडे सोपवलेल्या कुटुंबांना नंतरही भेटत राहतो. या पद्धतीचे मर्म सातत्यात आहे. एकदाच केलेल्या पाहणीत कुटुंबातील माणसांची संख्या, शौचालय आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांची नोंद होते; परंतु क्षयरोगाचा सहा महिन्यांचा उपचार दोन महिन्यांत बरे वाटल्यावर का सुटतो, कापूस वेचणीच्या दिवसांत तपासणीसाठी मजुरी बुडवणे घराला कसे परवडत नाही, किंवा गरोदर सुनेच्या दवाखान्यात जाण्याचा निर्णय घरात नेमके कोण घेते, हे त्याच उंबरठ्यावर पुन्हा पुन्हा गेल्याखेरीज कळत नाही. हे ज्ञान सहानुभूतीपुरते नसून निदानाचा आणि उपचाराचाच भाग आहे, कारण जो उपचार रुग्णाच्या जगण्यात बसत नाही तो शास्त्रशुद्ध असूनही निष्फळ ठरतो.

गावात शिकवणारेही वेगळे असतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्याने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रिया घरीच नवजात बालकांची काळजी घेऊन बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी करू शकतात, हे सिद्ध केले. अशा कार्यकर्तीबरोबर घरोघरी फिरणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या ज्ञानाची मर्यादा कळते आणि आरोग्यसेवा हे अनेकांचे मिळून करायचे काम आहे, याची जाणीव होते.

यावर एक गंभीर आक्षेप असा, की गाव हे विद्यार्थ्यांच्या सरावाचे साधन बनू नये. हा आक्षेप मान्य करूनच योजना आखली पाहिजे. सेवाग्राम परिसरात डॉ. उल्हास जाजू यांनी उभी केलेली आरोग्यविम्याची व्यवस्था येथे मार्गदर्शक आहे. तीत शेतकरी सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने वर्गणी देत आणि त्या बदल्यात गावातील आरोग्यसेवा व रुग्णालयातील उपचारांची सवलत त्यांना हक्काने मिळे. जेथे गावाचा वाटा आणि हक्क दोन्ही आहेत, तेथेच विद्यार्थ्याच्या भेटीला परस्परसंबंधाचे रूप येते.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने आता कुटुंब दत्तक कार्यक्रम देशभरातील अभ्यासक्रमात आणला आहे. त्याचे भवितव्य तीन गोष्टींवर अवलंबून राहील: सर्व विषयांच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांसमवेत गावात जाणे, तेथील शिकण्याला अंतिम परीक्षेत खरे वजन असणे, आणि विद्यार्थ्याने शोधलेल्या रुग्णाला महाविद्यालयाच्या रुग्णालयात विनासायास उपचार मिळणे. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर उरतील त्या केवळ भरलेल्या नोंदवह्या. पदवीनंतर बंधपत्राच्या सक्तीने गावात पाठवलेला डॉक्टर मुदत संपण्याची वाट पाहतो. म्हणून गावाचा परिचय शिक्षेच्या रूपाने शेवटी न होता शिक्षणाच्या रूपाने पहिल्या वर्षापासून झाला पाहिजे, आणि ती जबाबदारी विद्यार्थ्याच्या सेवाभावावर न सोपवता महाविद्यालयांनी स्वतः उचलली पाहिजे.