सगळ्यांची सुटी एकाच दिवशी

वऱ्हाडातल्या घराला सुटी मिळते, पण एका वेळी एकालाच. शाळेला दिवाळीची सुटी लागते तेव्हा सोयाबीन नुकतं निघालेलं असतं आणि कापसाची वेचणी तोंडावर आलेली असते. पोरं मोकळी, बाप अडकलेला. मे महिन्यात शेत उन्हात तापत पडतं, बापाला जरा उसंत मिळते, तर गच्चीवर पापड, कुरड्या, शेवया आणि सरगुंडे वाळत असतात. बाप मोकळा, आई अडकलेली. त्यात लग्नसराई. पोरगं नववीत गेलं की अकोल्याच्या शिकवणी वर्गांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटतं आणि त्याचीही सुटी संपते. घरात कुणी शिक्षक असेल, तर त्याच्या सुटीवर मतदार यादीचा, निवडणुकीचा आणि जनगणनेचा पहिला हक्क. दालमिलच्या मुनिमाला मार्चअखेर, दुकानदाराला दिवाळी, सुनेला बाराही महिने.

म्हणून ‘यंदा कुठंतरी जाऊ’ हे आमच्याकडे दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी पुढच्या वर्षावर जातं. कारण विचारलं तर लोक पैशाचं सांगतात. ते खोटं नाही. कापसाच्या भावावर ज्यांचं वर्ष उभं राहतं, त्यांना खर्चाचा हिशेब करावाच लागतो. पण भाव बरा मिळाला त्या वर्षीही गाडी दारातून हलत नाही, तेव्हा पैशाखेरीज आणखी काहीतरी आडवं येत असणार. मला वाटतं, आपल्याला फिरायला निमित्त लागतं. शेगावला जायचं तर दर्शन, माहूरला नवस, पंढरपूरला वारी, तिरुपतीला जावळ, नागपूरला दवाखाना, पुण्याला लेकीचं बाळंतपण. काम पदरात असलं की प्रवास शोभतो. नुसतं बसायला म्हणून लांब जाणं जिभेवर यायलाही अवघड. चिखलदरा तर विदर्भाचं हक्काचं थंड हवेचं ठिकाण, हाकेच्या अंतरावर. पण तिथंही आपण पहाटे डबे भरून निघतो, पॉइंटामागून पॉइंट उरकतो आणि दिवेलागणीला परततो. जणू तेही एक कामच.

बेट ही तर फारच लांबची गोष्ट. तसं अंदमानचं नाव वऱ्हाडाला नवं नाही, ते दोन वाटांनी आपल्या घरात आलेलं आहे. एक वाट काळ्या पाण्याची, सावरकरांच्या कोठडीची, शाळेच्या पुस्तकातली. दुसरी वाट शेतकऱ्याची. दर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पेपरात बातमी येते की मान्सून अंदमानात दाखल झाला. ज्यानं समुद्र कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तोही ती बातमी दोनदा वाचतो. तिथून केरळ, मग कोकण आणि सगळं सुरळीत झालं तर जूनच्या मध्याला विदर्भ. त्या बातमीनंतर बियाण्याची चौकशी सुरू होते, उधारीची बोलणी होतात, वखरणीला वेग येतो. अंदमानात पाऊस पडला की वऱ्हाडात कामाला सुरुवात. तिथं कुणी आराम करायला जातं, हे इथल्या जुन्या माणसाला सहजी पटणारं नाही.

माझ्या ओळखीतलं एक घर मात्र गेलं. म्हातारी आई, म्हणजे नातवंडांची आजी, पूर्णेकाठच्या गावात राहते, थोरला मुलगा अकोल्याला, धाकटा अमरावतीला केंद्र सरकारच्या नोकरीत. एलटीसीवर, म्हणजे सरकारी नोकरांच्या रजा-प्रवास सवलतीवर, अंदमानला विमानानं जायची खास सोय आहे आणि अनेक मराठी नोकरदारांच्या घरी बेटाचा विषय पहिल्यांदा निघतो तो याच कागदावरून. या घरातही तसाच निघाला आणि बरीच वर्षं नुसता निघतच राहिला. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. मग पुतणीचं लग्न आलं. २०२० ला करोनानं सगळ्यांनाच घरात बसवलं. त्यानंतर आईचे गुडघे. शेवटी जायचं नक्की झालं, तर आईचाच प्रश्न, “मी कायले येऊ बापा? घर कोन पाहीन?” यावर घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण त्या दिवसापर्यंत घर खरोखरच तिनंच पाहिलेलं होतं. शेवटी शेजारणीकडे किल्ली गेली, म्हशीची सोय झाली आणि मंडळी नागपूरहून विमानात बसली.

आधी पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून त्या शहराचं नाव श्री विजयपुरम झालं आहे. मराठी माणूस उतरल्यावर आधी सेल्युलर जेलकडे जातो, तसे हेही गेले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेली ही इमारत मधल्या मनोऱ्याभोवती सात पाकळ्यांसारखी पसरलेली होती. आता तीन पाकळ्या उरल्या आहेत. एका रांगेच्या कोठड्यांची दारं दुसऱ्या रांगेच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे कुणाला कुणाचं तोंड दिसू नये. कोलू ओढायचा, ठरलेलं तेल काढायचं, नारळाचा काथ्या कुटायचा. विसावा हाच तिथं गुन्हा होता. बाबाराव आणि विनायकराव सावरकर हे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात होते, तरी एकमेकांना भेटायची मुभा त्यांना फार काळ नव्हती. मार्गदर्शक हे सांगत असताना अकोल्याचा आणि अमरावतीचा भाऊ शेजारी शेजारी उभे होते. या दोघांमध्ये भिंत नाही, शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि दोन तासांची एसटी. तरी दोघांची निवांत गाठ पडते ती कुणाच्या लग्नात नाहीतर कुणाच्या तेराव्याला. सावरकर बंधूंशी यांची बरोबरी होऊच शकत नाही. ते सक्तीनं वेगळे ठेवलेले होते. पण म्हणूनच जाणवतं, की आपल्याला कुणी सक्ती केलेली नसताना आपण किती सहज एकमेकांपासून लांब राहतो आणि त्याला कामाचं नाव देतो.

मग बोटीनं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. समुद्रात पाय घालताच आजीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून म्हणाली, “हे त आपल्या इहिरीचंच पानी हाय!” सगळे हसले, पण ती खोटं बोलत नव्हती. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या वाक्याची चव कळेल. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांच्या जमिनीखाली खारं पाणी आहे. पिण्याला नको, पिकाला नको. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाचं वारं आलं तेव्हा वऱ्हाडाला दांडीसारखा किनारा नव्हता. मग अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठ करून कायदा मोडला गेला. समुद्र नाही म्हणून अडून बसायची रीत या मुलखाची नव्हती.

हॅवलॉकला घड्याळ आपलंच असतं, सूर्य मात्र तासाभरानं पुढं धावतो. पहाटे पाचच्या सुमारालाच फटफटलेलं असतं आणि संध्याकाळी साडेपाचनंतर फार उजेड उरत नाही. आजी सवयीनं उठली तर उजेड तिच्या आधी उठलेला. अंगण होतं, पण झाडायचं नव्हतं. सडा नाही, दूध तापवणं नाही, म्हैस नाही. पहिल्या सकाळी तिनं सगळ्यांच्या चादरींच्या घड्या घातल्या. चहाचे कप नळाखाली विसळून पालथे घातले. खोली आवरायला आलेल्या मुलीला काही कामच उरलं नाही. सुनेनं “आत्याबाई, राहू द्या ना” म्हणून पाहिलं, पण हात ऐकत नव्हते. दुसऱ्या दिवशी चादरी तशाच राहिल्या, कप मात्र विसळले गेले. तिसऱ्या दिवशी आजीनं चहा प्याला, कप बाजूला ठेवला आणि तिकडे पुन्हा पाहिलं नाही. बेटावर काय काय पाहिलं, त्याची यादी तिच्या नातवंडांनी आल्यावर सांगितली. मला विचाराल तर त्या प्रवासात पाहण्यासारखं सगळ्यात मोठं काही घडलं असेल, तर तो बाजूला ठेवलेला कप.

त्याच सकाळी नाश्त्याला सगळे एका टेबलाशी बसले. म्हणजे खरोखर सगळे. कुणी ओट्याशी नाही, कुणी फोनवर नाही, कुणी ‘तुम्ही घ्या, मी मागून बसते’ म्हणणारं नाही. वाढणारं माणूस परकं होतं. गरम पुरी आजीच्या ताटात आली तशी ती म्हणाली, “आज माहा पोळा दिसते!”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पोळा हा वऱ्हाडातला सुटीचा सगळ्यात नीट विचार केलेला दिवस आहे. आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपा-हळदीनं चोळून शेकायचे, त्याला ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं बोलावणं द्यायचं. पोळ्याच्या दिवशी खांद्यावर जू चढवायचं नाही. न्हाऊ घालायचं, सजवायचं, मिरवायचं आणि पुरणपोळीचा घास आधी त्याला द्यायचा. वर्षभर राबणाऱ्या जनावराला एक दिवस पूर्ण मोकळा मिळावा, तोही मानानं, आगाऊ सांगून, सगळ्या गावाच्या साक्षीनं, ही समज आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहे. आणि त्याच दिवशी घरातली बाई चुलीपुढे पुरण वाटत असते. बैलाला सुटी देताना ज्यांना काही चुकलं नाही, त्यांच्या पंचांगात तिच्या सुटीची तिथीच नाही. तिला आवतण द्यायला अंदमानपर्यंत जावं लागलं.

इथं थांबलो तर सगळं फार गोड होईल. पण आजीनंच पुढचा प्रश्न विचारला. पुऱ्या वाढणारा पोरगा बंगाली बोलणारा होता. पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांना फाळणीनंतर सरकारनं हॅवलॉकवर वसवलं, त्यांची आता तिसरी-चौथी पिढी तिथं नांदते. आजीनं तिच्या वऱ्हाडी हिंदीत त्याला विचारलं, “और तेरी छुट्टी कवा?” तो हसून म्हणाला, “बारिश में, नानी.” पाऊस सुरू झाला, समुद्र खवळला, की पर्यटक येईनासे होतात. तेव्हा त्याला घरी बसता येतं. म्हणजे मान्सून अंदमानात दाखल झाल्याच्या ज्या बातमीनं वऱ्हाडातला माणूस कंबर कसतो, तीच बातमी त्या पोराची सुटी घेऊन येते. आणि इकडचं पीक निघून, हिशेब मिटून माणूस मोकळा झाला, की तिकडे त्याचा हंगाम सुरू होतो.

आराम असा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरत राहतो. आपला हात रिकामा झाला, तर तेवढं ओझं कुणीतरी उचललेलं असतं. विकत घेतलेल्या सुटीत ते उचलणाऱ्याचे पैसे आपण मोजतो, म्हणून निदान त्याची नोंद होते. घरातल्या सुटीत ओझं उचलणाऱ्याची नोंदही होत नाही. रविवारी बाप उशिरा उठतो, पोरं लोळतात, पाहुणे येतात आणि सगळ्यांचा मिळून जो आराम होतो, तो एकाच माणसाच्या दुप्पट कामातून आलेला असतो. त्याला आपण घरची सुटी म्हणतो.

बेटावर जाऊ नये, असं मी म्हणणार नाही. जरूर जावं आणि गुडघे चालताहेत तोवर जावं. पीक वेळ आली की पिकतं, ही सुटी मात्र नुसत्या वाट पाहण्यानं पिकत नाही, उलट घरातली माणसं म्हातारी होतात. पण परतल्यावर एक गोष्ट तपासून पाहावी. जे तिथं जमलं, त्यातलं समुद्रावाचून किती जमतं? ज्या मुलखानं समुद्राशिवाय मीठ काढलं, त्याला बेटाशिवाय एक सुटी काढणं अशक्य नाही. महिन्यातून एक दिवस ठरवायचा. त्या दिवसाची भाजी-भाकरी आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून करून ठेवायची, नाहीतर खानावळीचा डबा सांगायचा. चार पैसे जातील, जाऊ द्यावेत. शेतावरची फेरी, शिकवणी, हिशेबाची वही, सगळं त्या दिवसापुरतं बंद. आणि आईला आदल्या दिवशी रीतसर सांगायचं, की उद्या तुला काम नाही. ती ऐकणार नाही. कप विसळायला उठेलच. पहिल्या महिन्यात उठेल, दुसऱ्या महिन्यातही उठेल. तिला बसायची सवय लागायला वेळ लागेल आणि तेवढ्या वेळात उठून कप विसळायची सवय बाकीच्यांनी लावून घ्यायची आहे.