घडविणारा कोण?

अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशीं दोन भव्य दगडी सिंह बसलेले आहेत. १९११ सालीं ग्रंथालय खुलें झालें, तेव्हांपासून ते तेथें आहेत. ते कोणीं घडविले असें विचारल्यास, एडवर्ड क्लार्क पॉटर या शिल्पकारांनीं, असें उत्तर मिळतें. हें उत्तर खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. आणि प्रिय वाचकहो, अपुऱ्या सत्यानेंही दुसऱ्याचा वांटा बुडतो, म्हणून या गोष्टीचा थोडा विचार करूं.

पॉटर यांनीं सिंहांचे नमुने केले. सिंहानें कसें बसावें, मान किती उचलावी, हें त्यांच्या बुद्धीनें ठरलें. परंतु टेनेसी प्रांताच्या गुलाबी संगमरवरावर छिन्नी चालविली ती पिचिरिली बंधूंनीं. इटलीहून अमेरिकेस आलेलें हें पाथरवटांचें कुटुंब. बाप व सहा मुलगे सर्व याच धंद्यांतले. नमुन्याबद्दल पॉटर यांस ८,००० डॉलर मिळाले, कोरण्याबद्दल या बंधूंस ५,०००.

कोणी म्हणेल, कल्पना ज्याची त्याचीच कृति. कोरणारा तो केवळ हात. पण मातींत चूक झाली तर माती पुन्हां थापतां येते. दगडाची एक कपची अधिक उडाली तर ती परत बसत नाहीं. नमुन्यावरून मापें घेतां येतात. शेवटचा घाव किती हलका द्यावा हें मात्र मापांत येत नाहीं. तें त्या हातानेंच जाणावें लागतें. तसेंच पाथरवटानें, घाम माझा म्हणून सिंह माझेच, असें म्हटलें तर तेंही न्यायाचें होणार नाहीं. नमुन्यावांचून त्याची छिन्नी कोठें चालली असती?

प्रथम पुष्कळांनीं या सिंहांची थट्टा केली. पुढें १९३० नंतरच्या मंदींत लोक हवालदिल झाले असतां महापौर ला गार्डिया यांनीं एका सिंहास 'सहनशीलता' व दुसऱ्यास 'धैर्य' अशीं नांवें दिलीं. कारण तेच गुण त्या वेळीं नगरवासीयांस हवे होते. तीं नांवें लोकांनीं उचललीं. ज्यांवर हंसले, त्यांच्याचकडे पाहून ते धीर धरूं लागले. अशा रीतीनें पाहणाऱ्यांचाही त्या कामास हात लागला.

हें लिहितांना मला माझी एक चूक आठवते. एका खेड्यांत शाळेची इमारत पुरी झाली, तेव्हां सर्वांचे आभार मानण्याचें काम मजकडे होतें. जागा देणारे, पैसा देणारे, नकाशा काढणारे, सर्वांचीं नांवें मीं घेतलीं. गवंडी मागें भिंतीस टेकून उभा होता. त्याचें नांव राहून गेलें. दुसरे दिवशीं त्याच्या घरीं जाऊन मीं क्षमा मागितली. तो म्हणाला, "असूं द्या, भिंत ओळंब्यांत आहे ना?"

दगडावर नांवांस जागा थोडी असते, हें खरें. आपल्या जिभेवर तितकी टंचाई नाहीं.