जुन्या यंत्राचे ऋण

यंत्र जुने झाले असे केव्हा म्हणावे? झिजलेल्या यंत्राविषयी हा प्रश्न पडत नाही. परंतु ज्याचा एकही भाग झिजलेला नाही आणि जे कालपर्यंत चोख काम करीत होते, ते आज एकाएकी निरुपयोगी ठरले, तर हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. तो नीतीचा होतो. संगणकाची कार्यप्रणाली बदलली आणि शेजारचा प्रिंटर मुका झाला, हा अनुभव पेढ्यांना, शाळांना आणि धर्मग्रामांच्या कचेऱ्यांना आता नवा नाही. त्या लहानशा अडचणीत दडलेल्या प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

इचलकरंजीसारख्या गावात हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने येथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे गावाचे सारे जीवन मागाभोवती विणले गेले. येथे धोट्याचे साधे माग आणि बिनधोट्याचे आधुनिक माग एकाच काळात चालतात. साधा माग बिघडला की जॉबर येतो, आवाज ऐकतो, धोटा कोठे अडतो ते पाहतो आणि झिजलेला भाग बदलतो. माग बनविणारा कारखाना बंद पडला म्हणून माग थांबत नाही, कारण त्याची सारी रचना उघड्या डोळ्यांना दिसते. जुना माग स्पर्धेत मागे पडेल, त्याचा हिशेब जमणार नाही. पण तो चालवायचा की मोडीत काढायचा, हा निर्णय मालकाच्याच हाती असतो.

पेढीवरच्या प्रिंटरचे तसे नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या सुया शाईच्या फितीवर प्रत्यक्ष ठोका मारतात, म्हणून कार्बन घालून चलनाच्या दोन-तीन प्रती एकदम निघतात. लेझर प्रिंटर कागदावर आघात करीत नाही, म्हणून त्याला हे साधत नाही. असे उपयोगी यंत्र थांबते ते आपल्या दोषाने नव्हे. संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाची आज्ञावली दुभाष्याचे काम करते. २०२१ साली आलेली विंडोज ११ ही प्रणाली केवळ ६४-बिट स्वरूपात मिळते. ३२-बिट प्रणालीसाठी लिहिलेला दुभाषी तिच्यात चालत नाही. निर्मात्याने नवा दुभाषी लिहिला नाही, तर धडधाकट यंत्रही अडगळीत जाऊ शकते.

मग प्रणाली बदलूच नये काय? तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. विंडोज १० साठीचा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या संगणकात कामगारांची मजुरी, विद्यार्थ्यांचे गुण किंवा कुटुंबांच्या नोंदी आहेत, तो असुरक्षित ठेवून इंटरनेटला जोडणे म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीशी हयगय करणे होय. नव्याचा स्वीकार हे कधी कधी कर्तव्यच असते. प्रश्न एवढाच, की नवे देणाऱ्यावर जुन्याचे काही ऋण उरते की नाही?

येथे प्रिंटरांमधला एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. काहींची आज्ञाभाषा सर्वांना ठाऊक असते. एप्सनने रूढ केलेली भाषा पुढे इतरही अनेक डॉट मॅट्रिक्स यंत्रांनी स्वीकारली. अशा यंत्रासाठी कोणीही जाणकार दुभाषी लिहू शकतो, आणि लिनक्स प्रणालीत स्वयंसेवकांनी ते काम केलेही आहे. उलट, काही स्वस्त लेझर प्रिंटरांची भाषा निर्मात्याने स्वतःपाशीच राखली. निर्माता गप्प बसला की ती यंत्रे बहुधा कायमची मुकी होतात. म्हणजे यंत्राचे आयुष्य त्याच्या लोखंडाइतकेच ज्ञानाच्या वाटपावरही अवलंबून असते.

रिचर्ड स्टॉलमन यांची हकीकत ह्या संदर्भात बोधप्रद आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सर्वांना सूचना जावी, अशी सोय स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरवर केली होती. ती ह्याही यंत्रावर करावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी लागणारी मूळ आज्ञावली दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकापाशी होती. पण गुप्ततेचे वचन दिले असल्याने त्याने ती देण्यास नकार दिला. १९८३ साली स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलीची चळवळ घोषित केली, तिच्या मुळाशी हा अनुभव होता. त्या संशोधकाने वचन पाळले, हे खरे. परंतु शेजाऱ्याला साह्य करण्याचा मार्गच बंद करणारे वचन मुळात द्यावे काय, हा प्रश्न उरतोच.

संत थॉमस अक्वायनस यांनी मालकी आणि उपयोग यांत भेद केला आहे. वस्तू मिळविणे आणि तिची व्यवस्था पाहणे हा माणसाचा खासगी अधिकार असू शकतो. तिच्या उपयोगात मात्र गरजवंताला वाटा देण्याची सिद्धता हवी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा विचार ज्ञानालाही लागू पडतो, असे आम्हांस वाटते. निर्मात्याने आपल्या श्रमाचे मोल घ्यावे, ह्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या यंत्राची विक्रीही त्याने थांबविली आणि सेवाही, त्याची भाषा कुलपात ठेवण्याचे समर्थन कशाने होणार? ‘मी सांभाळणार नाही आणि तुलाही सांभाळू देणार नाही’ ही मालकी नव्हे, अडवणूक आहे.

ह्या अडवणुकीचे मोल सारे जग देते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनश्चक्रण झाल्याची नोंद आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी इशारा दिला, तो वस्तूंपुरता नव्हता. उपयोग संपताच वस्तू टाकणारा समाज माणसांनाही त्याच मापाने मोजू लागतो, ही त्यांची चिंता होती. मागावर आयुष्य घालवलेल्या वृद्ध कामगारांच्या गावात ती अधिक सांगावी लागू नये.

जुने ते सारे जपावे, असा आमचा आग्रह नाही. पण प्रिंटर टाकण्यापूर्वी तो खरोखर बिघडला आहे की केवळ दुभाष्यावाचून अडला आहे, हे तपासावे. जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ छपाईसाठी ठेवता येईल काय, ते पाहावे. नवे यंत्र घेताना किमतीबरोबरच त्याची भाषा खुली आहे की बंद, हेही विचारावे. विचारणारे वाढले की विकणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका गृहस्थाचा दाखला देतात. तो आपल्या भांडारातून नवे आणि जुने दोन्ही बाहेर काढतो. त्याला जुने काढता येते, कारण ते त्याच्या भांडारात वापरण्याजोगे राहिलेले असते आणि किल्लीही त्याच्याच हाती असते. आपल्या भांडारांच्या किल्ल्या आज कोणापाशी आहेत, हे आपण विचारू लागलो पाहिजे.